न फिटणारे ऋण, फिटणारे कर्ज

माणूस आईचे ऋण म्हणतो, आईचे कर्ज म्हणत नाही. आणि सोसायटीचे कर्ज म्हणतो, सोसायटीचे ऋण म्हणत नाही. मराठी बोलणाऱ्याला हा फरक कोणी शिकवलेला नसतो. 'ऋण' हा शब्द वेदांपासून चालत आला, 'कर्ज' अरबीतून फारसीच्या वाटेने आला, आणि दोघांनी भाषेत आपापली जागा धरली. एक देणे फिटत नाही आणि ते फिटावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. दुसरे फिटलेच पाहिजे. कर्जातून बाहेर पडण्याचा निश्चय करणाऱ्यापुढे पैशाच्या प्रश्नाआधी हा धर्माचा प्रश्न उभा राहतो: आपण नेमके कोणाचे, काय लागतो, आणि ते कशाने फिटते?

तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ऋषींचे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे, माणसांचे ऋण घातले. ते अतिथीला अन्न आणि आसरा देऊन फेडायचे. पुढे ही कल्पना एका वर्णापुरती राहिली नाही. आज कोणत्याही मराठी घरात 'समाजाचे ऋण' हा शब्दप्रयोग सहज निघतो. या चारही ऋणांत एक गोष्ट समान आहे. त्यांना व्याज नाही, मुदत नाही, तारण नाही. ती वागणुकीने फेडायची आहेत आणि फेडणे आयुष्यभर चालणारे आहे.

पैशाचे कर्जही तितकेच जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तात कर्जबाजारी झालेला माणूस रात्री लोकांच्या घरी पैसे शोधत फिरतो, आणि त्याला सांगितले जाते की फासे सोड, शेती कर. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर कर्जातून सुटण्यासाठीच सूक्ते आहेत. या लोकी, परलोकी आणि तिसऱ्या लोकीही आपण अनृणी असावे, अशी त्यांतली मागणी आहे. महाभारतातील यक्षप्रश्नात सुखी कोण, याचे उत्तर युधिष्ठिर देतो ते घरगुती आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, स्वतःच्या घरी भाजी शिजवून खाणारा, डोक्यावर कर्ज नसलेला आणि पोटासाठी परमुलखात न गेलेला माणूस सुखी. राजसूय केलेल्या राजाच्या तोंडी हे उत्तर आहे, आणि द्यूतात सर्वस्व गमावून बारा वर्षे वनात काढल्यानंतर तो ते देतो, हे विसरता येत नाही.

बालाघाट जिल्ह्यात या उत्तराचा अर्थ लगेच कळतो. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांकडे होता, नंतर मध्य प्रांतात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. भंडारा-गोंदियाशी सोयरीक, बाजार आणि भाषा यांचे जाणे-येणे मात्र थांबले नाही. लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या भागांत घरचे वर्ष आषाढाच्या पेरणीपासून कापणी-मळणीपर्यंत धानाभोवती फिरते. पैसा येतो तो एकदा किंवा फार तर दोनदा. खर्च मात्र बारा महिने. मधली दरी उधारीने भरली जाते, आणि कामाच्या शोधात नागपूरला गेलेला मुलगा तिथून पाठवील त्या पैशाने. युधिष्ठिराने सांगितलेल्या सुखाच्या दोन्ही अटी इथे एकदमच मोडतात.

पेरणीसाठी घेतलेले कर्ज माणसाला सहसा बुडवत नाही, कारण ते पिकातून परत येण्याची निदान शक्यता असते. बुडवते ते वेगळे कर्ज. बाप जातो. तेराव्या दिवशी तेरवी असते आणि सगळ्या गावाला, सगळ्या सोयऱ्यांना जेवण द्यायचे असते. पत्रावळी, तेल, तांदूळ, बुंदी, मंडप, भांडी असा हिशेब कोणीतरी वडीलधारा तोंडीच करतो, आणि संध्याकाळपर्यंत ५०,००० रुपये शेकडा तीनने आणले जातात. शेकडा तीन म्हणजे दर शंभराला महिन्याला तीन रुपये. बोलताना तीन हा आकडा लहान वाटतो. पण ५०,००० वर तो महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये होतो. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे वर्षाला जवळजवळ आठ क्विंटल धान निव्वळ व्याजात जाते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. बापाचे ऋण फेडायला निघालेला मुलगा पुढची काही वर्षे सावकारासाठी धान पिकवतो.

दोन देण्यांची गल्लत होते ती इथे. पितरांचे ऋण पैसा मागत नाही. ते तीळ आणि पाणी मागते, आठवण मागते. शास्त्र स्वतः याबाबत लोकाचारापेक्षा कितीतरी दयाळू आहे. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात श्राद्धाचा विधी सांगताना पायरी पायरीने खाली उतरत नेले आहे. मोठे दान जमत नसेल तर अन्न द्यावे, तेही नसेल तर मूठभर तीळ, तेही नसतील तर गाईला चारा. आणि काहीच नसेल तर माणसाने रानात जावे, दोन्ही हात वर करावेत आणि पितरांना सांगावे की माझ्याजवळ धन नाही, माझी भक्ती आहे, तिने तुम्ही तृप्त व्हा. त्यानेही श्राद्ध पूर्ण होते. कर्ज काढून श्राद्ध करावे, अशी पायरी त्या उतरंडीत नाही. गावजेवणाची सक्ती पितरांची नसून चारचौघांत मान जाण्याच्या भीतीची आहे. ती भीती खोटी नाही, गावात राहणाऱ्याला ती सोसावीच लागते. तिला धर्माचे नाव देणे मात्र चूक आहे.

ही चूक गावोगाव जाऊन, हातात खराटा घेऊन सांगणारा गाडगेबाबांसारखा दुसरा कोणी झाला नाही. त्यांचे बालपण दापुऱ्याला मामाच्या घरी गेले, आणि मामाची जमीन सावकाराच्या व्यवहारात गेलेली त्यांनी पाहिली. पुढे कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, लग्न करू नका, तीर्थाला जाऊ नका, जेवणाचे ताट मोडा पण पोराला शिकवा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. देवभक्तीने भारलेल्या श्रोत्यांसमोर देवासाठी कर्ज काढू नका असे सांगणारा हा संत स्वतः नास्तिक नव्हता. देवाचे देणे आणि सावकाराचे देणे यांची सरमिसळ त्याला खपत नव्हती.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे का, याचे उत्तर परंपरेने ठामपणे 'होय' असे दिले आहे. धर्मशास्त्रात कर्ज बुडवणे हा नुसता दिवाणी दोष नसून पाप आहे, आणि ते मरणाने संपत नाही. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, नाहीतर बापाला सद्गती नाही, हा नियम त्यातूनच निघाला. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही तो हिंदू कायदा म्हणून चालवला. पण मनुस्मृतीने त्याला अपवाद ठेवले होते. बापाने जुगारात, दारूत किंवा पोकळ दानांत केलेले देणे, आणि नुसत्या जामीनकीपोटी आलेले देणे मुलावर येत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने, केवळ मुलगा आहे म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी त्याला धरण्याची ही जुनी वाट बंद केली. मयताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून धनको आपले येणे मागू शकतो, पण वारसाच्या स्वतःच्या कमाईला हात लावू शकत नाही. वसुलीवाला दारात येऊन घरातल्या विधवेला किंवा मुलाला दम देतो तेव्हा ही एक गोष्ट माहीत असणे फार मोलाचे असते.

बुद्धाने गृहस्थाला सांगितलेल्या चार सुखांत कर्जमुक्तीचे सुख स्वतंत्र मोजले आहे. अनाथपिंडिक या श्रेष्ठीला त्याने सांगितले की संपत्ती असण्याचे एक सुख, ती भोगण्याचे एक, कोणाचे काही देणे नसण्याचे एक, आणि निर्दोष वागणुकीचे एक; यांत शेवटचे सर्वांत मोठे. दुसऱ्या एका सुत्तात गरीब माणसाची घसरण ओळीने दिली आहे: गरिबी, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. गोंदिया-बालाघाटच्या बौद्ध वस्तीत हे वाचणाऱ्याला ती साखळी पाली भाषेतली वाटत नाही, शेजारच्या घरातली वाटते. संघाचा नियम तर आणखी बोलका आहे. भिक्षू होऊ इच्छिणाऱ्याला दीक्षेआधी जे प्रश्न विचारतात त्यांत, तुझ्यावर कर्ज नाही ना, हाही असतो. कर्जदाराला संन्यास नाही. घर सोडून जाणे ही सुटका ठरू नये, म्हणून हे दार बंद ठेवले आहे. इस्लाममध्येही हाच कठोरपणा दिसतो. कुराणातील सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि मयताचे कर्ज फेडण्याची कोणी हमी घेईपर्यंत पैगंबरांनी त्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पढवली नाही, अशी हदीस आहे. त्याच कुराणात, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि सोडून दिलेत तर अधिक चांगले, असेही सांगितले आहे.

कर्जदाराने फेडावे हे जितके खरे, तितकेच धनकोने किती घ्यावे हाही धर्माचाच प्रश्न आहे, आणि इथे परंपरेची तपासणी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मनुस्मृतीने व्याजाचे दर वर्णांनुसार ठेवले: ब्राह्मणाला महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याला सर्वांत महाग पैसा. हा अन्याय होता, आणि बँकेच्या दारात न पोहोचणाऱ्या मजुराला आजही शेकडा पाचनेच पैसे मिळतात, यात त्याचे आयुष्य किती लांब आहे ते दिसते.

त्याच अध्यायात एक न्याय्य नियमही आहे. एका वेळी घेतलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये. यालाच दामदुपट म्हणतात. शंभर दिले तर एका वेळी दोनशेच्या वर मागता येत नाही, मग कितीही वर्षे जावोत. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम मानला आणि असंख्य कुळांना त्याने वाचवले. पण त्याच श्लोकात धान्यासाठी मर्यादा पाचपट सांगितली आहे. नाणे घेणाऱ्या व्यापाऱ्याला दुपटीचे कुंपण, धान्य घेणाऱ्या शेतकऱ्याला पाचपटीचे. धानपट्ट्यात सवाई आणि दिढी या जुन्या रीती याच मोकळ्या जागेत वाढल्या. आषाढात खंडीभर, म्हणजे वीस कुडो धान बियाण्याला घेतले तर कापणीनंतर सवाईने पंचवीस कुडो, दिढीने तीस कुडो परत. पाच महिन्यांचा हा व्यवहार वर्षाच्या हिशेबात मांडला तर सवाई म्हणजे शेकडा साठ आणि दिढी म्हणजे शेकडा एकशे वीस.

शब्दांचेही नशीब असते. ज्या दामदुपटीने कर्जदाराभोवती कुंपण घातले, तोच शब्द आज 'दामदुप्पट योजना' म्हणून आमिषाला वापरला जातो. २०२२ मध्ये लांजी-किरनापूर भागात थोड्या काळात पैसे दुप्पट करून देतो असे सांगून लोकांकडून ठेवी घेतल्याचे मोठे प्रकरण पोलिसांनी उघडकीस आणले. अशा फसवणुकीला बळी पडणारे सगळेच लोभी नसतात. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला एका झटक्यात सुटायचे असते, आणि दुपटीचे वचन त्याला लोभापेक्षा सुटकेसारखे दिसते.

कर्ज एका झटक्यात संपावे ही इच्छा मराठी इतिहासात दोनदा कागदांपाशी येऊन थांबते. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडून येणे होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, दुकान बुडाले. त्यानंतर विठ्ठलाच्या भक्तीत स्थिर झाल्यावर त्यांनी घरातले कर्जखतांचे कागद काढले. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला हिस्सा मागितला; तो त्याला दिला आणि आपल्या हिश्श्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असे चरित्रकार सांगतात. सुमारे अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जखते काढली आणि जाळली. दोन्हीकडे कागदच नाहीसा झाला. पण देहूला तो धनकोने स्वतःच्या हाताने बुडवला, सुप्याला कर्जदाराने बळाने जाळला. तुकोबांची कथा सांगताना कान्होबाचा हिस्सा सहसा घाईने उरकला जातो. खरे तर तिची सचोटी तिथेच आहे: दुसऱ्याचे येणे सोडून देण्याचा अधिकार कोणालाच नाही, संतालाही नाही. सुप्याच्या जाळपोळीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. मध्य प्रांतात, म्हणजे बालाघाटातही, १९३३ च्या कायद्याने कर्जतडजोड मंडळे आली. धनको आणि कर्जदार समोरासमोर बसून रक्कम कमी करून हप्ते ठरवत. या तिन्हींत ही तडजोडीची वाट सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत शहाणी म्हणावी लागेल.

सरकारी कर्जमाफी ही तिसऱ्याच जातीची गोष्ट आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी मध्य प्रदेशात नव्या सरकारने पहिल्याच दिवशी दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीचा आदेश काढला. अनेकांना तिचा आधार मिळाला. अनेकजण मात्र माफी येईल म्हणून हप्ता न भरता थांबले, माफी त्यांच्यापर्यंत आली नाही आणि ते थकबाकीदार झाले. २०२३ मध्ये अशा थकबाकीदारांसाठी व्याजमाफीची वेगळी योजना आणावी लागली. दुष्काळात, गारपिटीत माफी देणे हा राजाचा धर्म आहे. तिची वाट पाहत बसणे हा कुटुंबाचा धर्म होऊ शकत नाही. सहकारी सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर मध्य प्रदेशात त्यावर व्याज लागत नाही. मुदत चुकली की लागते. बाजारात यापेक्षा स्वस्त पैसा कोणालाही मिळत नाही, आणि नुसती तारीख चुकल्याने तो हातचा जातो.

निश्चयाला धर्माच्या भाषेत संकल्प म्हणतात, आणि पूजेतला संकल्प कसा असतो हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यात आधी स्थळ येते: गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत. मग काळ: संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव, आणि शेवटी काय करणार ते. मग हातावरून पाणी सोडतात. 'यंदा कर्ज फेडायचे' हा संकल्प नाही, ती इच्छा आहे. कोणाचे, किती, कोणत्या दराने, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या उत्पन्नातून, हे उच्चारले की तो संकल्प होतो.

ते उच्चारण्यासाठी आधी मोजावे लागते, आणि सगळ्यात अवघड काम हेच आहे. दिवाळीत व्यापारी वहीची पूजा करतो. कर्जदाराच्या घरी मात्र वही नसतेच. त्याचा हिशेब सावकाराच्या घरी, बँकेच्या संगणकात, बचतगटाच्या ताईकडे असतो. आपल्यावर एकूण किती आहे हे अनेक घरांत कोणालाच ठाऊक नसते, कारण नवऱ्याचे कर्ज बायकोला आणि बायकोच्या गटाचा हप्ता नवऱ्याला सांगितलेला नसतो. एकनाथांची गोष्ट इथे आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी ते हिशेब ठेवत. एकदा एका पैचा फरक लागेना. रात्र उलटेपर्यंत दिवा लावून ते वह्या चाळत बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी विचारले आणि सांगितले की एवढी एकाग्रता देवापाशी लागली तर काय होईल! गोष्ट अध्यात्माकडे वळते म्हणून तिचा पहिला भाग विसरला जातो. गुरूने त्या हिशेबाला हलके मानले नाही. त्या पैच्या शोधातच त्याला शिष्याची लायकी दिसली. दिव्याखाली बसून सगळ्या घरासमोर एका कागदावर सगळी देणी मांडणे ही या अर्थाने उपासनाच आहे.

कागदावर आले की क्रम आपोआप दिसतो. शेकडा तीन-पाचचे सावकारी कर्ज आणि ज्याचे वार्षिक व्याज चाळिशीच्या घरात जाते असे क्रेडिट कार्डाचे देणे आधी, मग सोन्यावरचे नि गटाचे, आणि बिनव्याजी पीककर्ज फक्त तारखेला. एक फेडून लगेच तेवढेच उचलायचे, याला सोसायट्यांत 'नवं-जुनं' म्हणतात. त्याने खाते नियमित दिसते, पण कर्ज एका रुपयानेही उतरत नाही. गटकर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. ही कमाल मर्यादा आहे. निम्मे उत्पन्न हप्त्यात देणारे घर एका आजारपणाने कोसळते. बुद्धाने सिगाल या गृहस्थाला सांगितलेली वाटणी अधिक सुरक्षित आहे: मिळकतीचा एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग धंद्याला, आणि चौथा आपत्तीसाठी बाजूला. धानाचे पैसे खात्यात आले त्याच दिवशी हा चौथा भाग वेगळा ठेवला तर पुढच्या तेरवीला सावकाराकडे जावे लागत नाही.

फेडून झाल्यावरही एक काम उरते आणि बरेच लोक ते सोडून देतात. शेवटचा हप्ता भरला की बेबाकीचा दाखला मागून घ्यावा, सावकाराकडे दिलेली सहीची कोरी चिठ्ठी परत घेऊन फाडावी, आणि तहसिलीत जाऊन खसऱ्यावरची बंधकाची नोंद कमी करून घ्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने तारण ठेवलेले मूळ कागद ३० दिवसांत परत करावेत. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावे लागतात.